ओहम बरोबर, तरी मिसिंग: जुन्या गाडीच्या प्लग वायरींचं एक प्रकरण

गाडी जुनी. चार सिलिंडरचं एका रांगेतलं पेट्रोल इंजिन, कार्ब्युरेटर, ठिणगीचं उच्च व्होल्टेज तयार करणारी एक कॉइल, आणि ते फिरत्या रोटरने व वरच्या कॅपमधून पाळीपाळीने प्रत्येक प्लगच्या वायरीला वाटणारा एक डिस्ट्रिब्युटर. आत पॉइंटऐवजी (कॉइलचा प्रवाह तोडणारे यांत्रिक संपर्क) मुळातच इलेक्ट्रॉनिक इग्निशन. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. प्लग हेडच्या बाजूला उघड्यावर असल्याने हात सहज पोचतो. डिस्ट्रिब्युटर चौथ्या सिलिंडरच्या टोकाला, म्हणून १ नंबरची वायर सर्वांत लांब आणि ४ ची सर्वांत आखूड. वायरी कधी बदलल्या याची नोंद नाही आणि त्यांच्यावरची छपाईही पुसून गेलेली. हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. वयस्कर डिस्ट्रिब्युटरवाल्या गाड्यांत हे दोष साधारण असेच एकमेकांवर चढलेले सापडतात आणि त्यामुळेच निदान चुकतं.

तक्रार

थंडीत किंवा दमट हवेत सकाळी गाडी सुरू झाली की पहिली काही मिनिटं इंजिन तीन सिलिंडरवर चालल्यासारखं थरथरतं. गरम झाल्यावर आयडलिंग सुधारतं, पण चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की आचके बसतात. सपाट रस्त्यावर एका वेगाने चालवली तर काहीच जाणवत नाही. पावसात त्रास वाढतो.

आधी दोन उपाय होऊन गेले होते. पहिल्यांदा चारही प्लग नवे टाकले. त्याने त्रास कमी होण्याऐवजी थोडा वाढलाच. मग संशय कार्ब्युरेटरवर गेला. तो उघडून साफ केला, जेट फुंकले, फ्लोटची पातळी लावली. फरक शून्य.

नवे प्लग टाकून मिसिंग, म्हणजे सिलिंडरचा ठोका मधेच चुकणं, वाढलं, ही गोष्ट इथे सर्वांत मोलाची होती आणि तिच्याकडेच दुर्लक्ष झालं. प्लग बदलून बिघाड वाढत असेल, तर एकतर प्लग चुकीचा आहे, नाहीतर प्लगपर्यंत पोचणारं व्होल्टेज आधीच काठावर होतं. या गाडीत थोड्या प्रमाणात दोन्ही खरं निघालं.

पेट्रोल की ठिणगी

वायरींना हात लावण्याआधी हा प्रश्न निकालात काढायला हवा, कारण भाराखाली गाडी गचके खाते हे दोन्ही बिघाडांत होतं. पेट्रोल कमी पडत असेल तर ताकद हळूहळू ओसरते, गाडी जड होत जाते, पाय सोडून पुन्हा दिला की थोडी सावरते. ठिणगी चुकत असेल तर झटका तीक्ष्ण असतो. ताकद एका क्षणी आहे, पुढच्या क्षणी नाही.

चोकची चाचणी त्याहून पक्की. चढावर आचके सुरू झाले की चोक थोडा ओढून मिश्रण गडद करायचं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल वाढवायचं. फरक पडला तर पेट्रोलच्या बाजूला पाहायचं. या गाडीत चोकने काहीही बदललं नाही. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत जवळजवळ सारखं आलं. म्हणजे शोध कॉइलपासून प्लगपर्यंतच्या भागात आला.

भारालाच मिसिंग का होतं हे इथे समजून घेतलं तर पुढच्या सगळ्या चाचण्यांना अर्थ येतो. प्लगच्या गॅपमधून, म्हणजे टोकाच्या दोन इलेक्ट्रोडमधल्या फटीतून, ठिणगी उडायला लागणारं व्होल्टेज सिलिंडरमधल्या दाबाबरोबर वाढतं. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद, सिलिंडरमध्ये हवा थोडी, दाब कमी. साधारण ८ ते १२ किलोव्होल्टमध्ये काम भागतं. थ्रॉटल पूर्ण उघडला की सिलिंडर भरतो आणि हीच गरज २० च्या आसपास किंवा त्याही वर जाते. कॉइल ठरावीक व्होल्टेज देत नसते. वाट मिळेपर्यंत तिचं व्होल्टेज चढत राहतं. त्या चढणीत प्लगच्या गॅपआधी दुसरी सोपी वाट सापडली, म्हणजे चिरलेलं इन्सुलेशन, ओलसर धूळ किंवा कॅपमधली कार्बनची रेघ, तर ठिणगी तिथून अर्थला, म्हणजे इंजिनच्या धातूला, जाते. आयडलिंगला तीच वाट प्लगपेक्षा अवघड असते, म्हणून सगळं ठीक दिसतं.

डोळ्यांनी, हातांनी

इंजिन थंड, इग्निशन बंद, किल्ली बाहेर. आधी वायरींचा फोटो काढला आणि प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना नंबराची पट्टी लावली. कॅपवर १ नंबरच्या खोबणीजवळ रंगाचा ठिपका दिला.

वायरी फडक्याने पुसून घेतल्या. मळ असताना चीर दिसत नाही. मग प्रत्येक वायर बोटाभोवती हलकी वाकवत पूर्ण लांबी पाहिली. ताजी वायर वाकवल्यावर गुळगुळीत राहते. म्हातारी झालेली बाहेरच्या कडेला बारीक बारीक तडे दाखवते. १ आणि २ टणक झाल्या होत्या, पण तडे नव्हते. ३ नंबरची वायर जिथे टॅपेट कव्हरवरून (इंजिनच्या माथ्यावरचं झाकण) जाते तिथली प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली होती आणि वायर थेट पत्र्याच्या ब्रॅकेटच्या कडेवर टेकत होती. त्या जागी इन्सुलेशन घासून चमकदार झालं होतं. भोक काही दिसलं नाही. ३ चा प्लगकडचा बूट, म्हणजे वायरीच्या टोकाची रबरी टोपी, कडक, तोंडाशी चिरलेला. ४ नंबर वरून अगदी ठणठणीत.

बूट काढताना वायर ओढायची नाही, हे ज्याला त्याला माहीत असतं आणि घाईत जो तो तेच करतो. बूट मुठीत धरून पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे फिरवून आधी प्लगच्या चिनी मातीवरची पकड सोडवायची, मग बुटालाच धरून सरळ ओढायचं. वायर धरून ओढली की आतला कार्बनचा गाभा टर्मिनलपासून सुटतो. बाहेरून काही कळत नाही. अगदीच अडकला तर बूट काढायची प्लॅस्टिक चढवलेली पक्कड वापरावी. पेचकसाने उचकटू नये.

बुटात तेल सापडलं असतं तर काम तिथेच थांबवायला हवं होतं. ज्या इंजिनांत प्लग खोल विहिरीत बसतात, त्यांत टॅपेट कव्हरचं किंवा विहिरीच्या नळीचं सील गळून बूट तेलात भिजतो, फुगतो, मऊ पडतो. सील न बदलता नव्या वायरी टाकल्या तर त्यांचंही तेच होतं. इथे प्लग उघड्यावर असल्याने तो प्रश्न नव्हता.

मल्टिमीटरने काय सांगितलं

वायर दोन्ही टोकांनी काढून, मल्टिमीटर किलोओहमवर ठेवून, टोकं टर्मिनलला टेकवली. इन्सुलेशनमध्ये सुई खुपसून मोजायचं नाही. ते भोक उद्याची गळती असते. रीडिंग आली ती अशी:

कॉइल वायर, ३० सेंमी: ५.१ किलोओहम
१ नंबर, ८० सेंमी: १३.१
२ नंबर, ६५ सेंमी: १०.८
३ नंबर, ५० सेंमी: ८.४
४ नंबर, ४० सेंमी: ३१, आणि कॅपकडचं टोक हलवल्यावर कधी ६०, कधी सर्किट तुटलेलं

कार्बन गाभ्याच्या वायरींना प्रति मीटर साधारण १० ते ४० किलोओहम रोध असतो. गुंडाळलेल्या धातूच्या तारेचा गाभा असेल तर बराच कमी. तांब्याच्या सरळ तारेला जवळजवळ काहीच नाही; तिथे रोध बहुधा बुटात किंवा प्लगमध्ये बसवलेला असतो. म्हणून आधी वायर कोणत्या जातीची ते ओळखायचं. या गाडीच्या मॅन्युअलमध्ये एका वायरीला २५ किलोओहमची मर्यादा होती.

मर्यादेपेक्षा वायरींची आपसातली तुलना जास्त बोलते. पहिल्या चार रीडिंगना लांबीने भागलं की प्रत्येक ठिकाणी प्रति मीटर १६ ते १७ किलोओहम येतात. त्या हिशोबाने ४ नंबरला साडेसहाच्या आसपास यायला हवं होतं. तिने १८ दाखवले असते तर ती मर्यादेत बसली असती, तरी नापासच ठरली असती. आणि रीडिंग घेताना वायर हलवून, वाकवून पाहिलीच पाहिजे. टोकाशी सुटलेला गाभा स्थिर ठेवल्यावर पुष्कळदा चांगलं रीडिंग देतो.

इथपर्यंत आल्यावर ४ नंबर दोषी आणि बाकीच्या निर्दोष, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. नेमका तोच चुकीचा. मल्टिमीटर ओहम मोजताना वायरीवर फार तर काही व्होल्ट लावतो. त्याने फक्त गाभा अखंड आहे का, एवढंच कळतं. इन्सुलेशनला टाचणीएवढं भोक असलं तरी काही व्होल्टांना ते भिंतच वाटतं; २० हजारांना तो दरवाजा असतो. ३ नंबरचे ८.४ किलोओहम तिच्या गाभ्याबद्दल होते, इन्सुलेशनबद्दल त्यांत एक अक्षरही नव्हतं.

अंधार, पाणी आणि टायमिंग लाइट

वायरी परत लावून इंजिन सुरू केलं. जागा अंधारी, पण हवा खेळती. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवायचं नाही. त्याआधी पेट्रोलचे पाइप, कार्ब्युरेटरचे जोड कोरडे आहेत ना हे पाहून घेतलं, कारण आता मुद्दाम ठिणग्या शोधायच्या आहेत. सैल बाह्या, ओढणी, मफलर पंख्यापासून दूर. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी चालू इग्निशनजवळ वाकू नये.

कोरड्या वायरींवर अंधारात काही दिसलं नाही. मग फवाऱ्याच्या बाटलीतून साध्या पाण्याचं बारीक धुकं मारलं, आधी फक्त वायरींवर. डिस्ट्रिब्युटर प्लॅस्टिकने झाकून ठेवला, नाहीतर सगळंच ओलं होऊन कोण गळतंय ते कळत नाही. ब्रॅकेटच्या कडेपाशी, ३ नंबरच्या वायरीखाली, निळसर ठिणगी टिकटिक करत पत्र्यावर उडू लागली आणि इंजिन तिच्या तालात अडखळू लागलं. दमट सकाळचं कोडं तिथेच सुटलं. वायरीवरची धूळ ओली झाली की स्वतःच वाहक होते आणि पत्र्याचा अर्थ त्या भोकाच्या तोंडापर्यंत आणून ठेवते. गरम इंजिनावर ती ओल वाळली की गळती थांबते, भार पडेपर्यंत.

पाणी वापरायचं नसेल तर दुसरी पद्धत आहे. वायरीच्या तुकड्याचं एक टोक क्लिपने इंजिनच्या धातूला पकडायचं, दुसरं चांगल्या मुठीच्या पेचकसाच्या दांड्याला. पेचकसाचं टोक प्रत्येक वायरीपासून सेंटिमीटरभर अंतरावर ठेवून बूट ते बूट फिरवायचं. गळती असेल तिथे ठिणगी टोकावर उडी मारते. मूठ चिरलेला पेचकस घेऊ नये, हे सांगायला नको.

एकेक वायर चालू इंजिनावर उपटून कोणत्या सिलिंडरने फरक पडत नाही हे पाहायची जुनी सवय या गाडीवर मुद्दाम टाळली. वायर मोकळी सुटली की कॉइलचं व्होल्टेज वाट न मिळाल्याने कमाल पातळीपर्यंत चढतं. पॉइंटच्या गाडीला ते एक वेळ चालून जातं. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आणि कॉइल त्याने जाऊ शकतात.

त्याऐवजी क्लॅम्पचा टायमिंग लाइट वापरला. टायमिंग, म्हणजे ठिणगी कोणत्या क्षणी पडते ते, पाहण्यासाठी तो आहेच, पण त्याहून चांगलं काम तो इथे करतो: क्लॅम्पमधून करंट गेला की तो उजळतो, नाही गेला तर नाही. ३ नंबरच्या वायरीला क्लॅम्प आधी कॅपजवळ लावला. ॲक्सिलरेटर झटकन दाबून सोडला. फ्लॅश एकही चुकला नाही. तोच क्लॅम्प सरकवून ब्रॅकेटच्या पलीकडे, प्लगच्या बुटाजवळ लावला आणि पुन्हा झटका दिला. आता फ्लॅश मध्येच गळू लागले. म्हणजे कॅपमधून निघालेला करंट वाटेतच, त्या दोन जागांच्या मधे, उतरत होता. क्लॅम्प नेहमी सोयीच्या जागी, म्हणजे कॅपजवळ लावला जातो आणि तिथून ही वायर निर्दोष दिसते.

उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर झटकन उघडल्याने क्षणभर तोच दाब तयार होतो जो चढावर असतो, म्हणून रस्त्यावर न जाता ही चाचणी करता येते. ४ नंबरला झटक्याच्या वेळी कॅपजवळसुद्धा फ्लॅश चुकत होते. तिथे वाट तुटलेली होती, गळकी नव्हती.

४ नंबर आयडलिंगला चालत कशी होती, असा प्रश्न पडू शकतो. तुटलेल्या गाभ्यातली दरी ठिणगी उडी मारून पार करते. प्लगची गॅप एक आणि वायरीतली दुसरी, अशा दोन उड्यांना लागणारं एकूण व्होल्टेज हलक्या कामात कॉइलच्या आवाक्यात असतं. चढावर राखीव संपतं आणि त्या ताणाखाली आतली ठिणगी उरलासुरला कार्बनही जाळत जाते.

मूळ कारण कॅपमध्ये

डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून तिरक्या प्रकाशात पाहिली. टर्मिनल ते टर्मिनल किंवा टर्मिनल ते कडेपर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ शोधायची असते, ती नव्हती. मधला कार्बन ब्रश स्प्रिंगवर मोकळा हलत होता. वरच्या बाजूला ४ च्या खोबणीत मात्र हिरवट-पांढरी भुकटी आणि काळी पडलेली पितळ. वायर कधीतरी पूर्ण आत न बसता वरच टेकली होती. उरलेल्या फटीत वर्षानुवर्षं ठिणगी उडत राहिली. तिने आधी टर्मिनल जाळलं, मग वायरीच्या टोकाचा गाभा. म्हणजे ४ ची वायर वयाने मेली नव्हती, अर्धवट बसवल्याने मेली होती. अशा खोबणीत नवी वायर घालणं म्हणजे तोच खेळ पुन्हा. खरवडून पितळ चकचकीत होतं, पण पकड सैल राहते. कॅप आणि रोटर दोन्ही बदलायचं ठरलं.

नवा संच

एकच खराब वायर बदलावी का? या गाडीत प्रश्नच नव्हता, पण एरवीही सगळ्या वायरी एकाच वयाच्या आणि एकाच उष्णतेत शेकलेल्या असतात. संच घ्यावा आणि त्यात कॉइलची वायर असावीच. चारही सिलिंडरांची प्रत्येक ठिणगी तिच्यातून जाते, तरी बदलताना तीच विसरली जाते.

घेताना पाहिलेल्या गोष्टी: लांबी जुन्या वायरींइतकी, आखूड तर नकोच, जाडी मूळ होती तीच ७ मिमी, कारण क्लिपा त्या मापाच्या आहेत, ८ मिमीची वायर त्यांत कोंबली की दाबली जाते, बुटांचा कोन, म्हणजे सरळ की काटकोनी, कॅपकडचं टर्मिनल खोबणीत बसणारं की खुंटीवर चढणारं, आणि प्लगच्या डोक्यावरची फिरकीची नट हवी की काढायची. ही नट ढिली राहिली तर तिथेही ठिणगी उडते, म्हणून हवी असेल तर पक्कडीने अलगद घट्ट करावी. इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर रोध नसलेली तांब्याची वायर ‘स्पार्क जोरदार येतो’ म्हणून बसवू नये. रेडिओत खरखर येते हा लहान त्रास. मॉड्यूलला चुकीचे संकेत जाणं हा मोठा. इन्सुलेशन सिलिकॉनचं असेल तर उष्णता चांगली सोसतं, पण कडेवर घासलं की लवकर फाटतं, तेव्हा क्लिपा अधिकच महत्त्वाच्या.

नव्या वायरीसुद्धा बसवण्याआधी टेबलावर वाकवून, हलवून मोजल्या. लांबीच्या प्रमाणात रीडिंग आली. नवीन म्हणून न मोजणं परवडत नाही.

बसवणी

एका वेळी एकच वायर. जुनी काढायची, शेजारी ठेवून लांबी जुळवायची, नवी लावायची, मग पुढची. १ पासून, म्हणजे सर्वांत लांब वायरीपासून सुरुवात केली. कॅपही बदलायची असल्याने नवी कॅप जुनीच्या शेजारी त्याच दिशेने धरून एकेक वायर हलवली.

सगळ्या वायरी एकदम सुटल्याच, तर घाबरायचं कारण नाही. १ नंबरचा प्लग काढून भोकावर बोट ठेवायचं, इंजिन पान्याने त्याच्या चालीच्या दिशेने फिरवायचं. हवा बोट ढकलू लागली की कॉम्प्रेशन स्ट्रोक. पुलीवरची खूण जुळवली की रोटर ज्या टर्मिनलकडे तोंड करून असतो ते १. तिथून रोटर फिरतो त्या दिशेने १-३-४-२. रोटर कोणत्या बाजूने फिरतो हे अंदाजाने ठरवू नये. कॅप काढून, इंजिन थोडं फिरवून पाहावं.

बुटाच्या आतल्या कडेला सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस कापसाच्या काडीने पाच-सहा मिलिमीटर रुंद, अगदी पातळ लावलं. ते वीज वाहण्यासाठी नाही, पाणी अडवण्यासाठी आणि पुढच्या वेळी बूट सुटण्यासाठी आहे. टर्मिनलमध्ये भरायचं नाही. जास्त झालं तर आत कोंडलेली हवा बुटाला हळूहळू परत वर ढकलते. बूट दाबताना आत ‘टक्’ लागल्याचं बोटांना कळलं पाहिजे, आणि नंतर बूट हलका ओढून पाहायचा. कॅपच्या खोबणीतही तसंच. ४ नंबरचं काय झालं ते वर आलंच आहे.

वायरींचा मार्ग हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग. तुटलेल्या क्लिपेच्या जागी नवी बसवली, ब्रॅकेटची धारदार कड कानसने गोल केली. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून वायरी दूर ठेवल्या. आणि नीटनेटकं दिसावं म्हणून सगळ्या वायरी पट्टीने एकत्र आवळल्या नाहीत. १-३-४-२ मध्ये ३ च्या पाठोपाठ ४ आणि २ च्या पाठोपाठ १ येतो, आणि नेमके हेच शेजारी. ३ आणि ४ च्या वायरी लांबवर चिकटून समांतर गेल्या तर ३ मधून ठिणगी जाताना ४ च्या वायरीत व्होल्टेज उपजू शकतं. त्या क्षणी चौथ्या सिलिंडरमध्ये मिश्रण नुकतंच भरलेलं, दाब कमी, म्हणून थोड्याशा व्होल्टेजलाही ठिणगी पडू शकते. इनटेक व्हॉल्व्ह अजून पुरता मिटलेला नसतो, मग कार्ब्युरेटरमधून शिंक येते. लोक अशा वेळी टायमिंग फिरवत बसतात. दोन वायरींत बोटभर अंतर ठेवणारा विभाजक आणि जिथे ओलांडायचं तिथे काटकोनात ओलांडणं, एवढ्याने हे टळतं.

आणि तरीही

इंजिन सुरू केल्यावर आयडलिंग एकसारखं झालं. पाण्याचं धुकं मारलं, काही फरक नाही. अंधारात एकही ठिणगी नाही. पण झटक्याच्या चाचणीत इंजिन अधूनमधून एक ठोका सोडत होतं. टायमिंग लाइट ३ नंबरवर कॅपजवळ लावला, फ्लॅश पूर्ण. प्लगजवळ लावला, तरीही पूर्ण. करंट बुटापर्यंत पोचत होता. म्हणजे आता तो बुटाच्या आत किंवा प्लगमध्ये हरवत होता.

प्लग नवे म्हणून पहिल्या तपासणीत काढलेच नव्हते. आता काढले, इंजिन थंड होऊ देऊन, कारण ॲल्युमिनियमच्या हेडमधून गरम असताना प्लग काढला की आटे जाऊ शकतात. भोवतीची धूळ आधी हवेने उडवली. दोन गोष्टी सापडल्या.

एक, ३ नंबरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर डोक्यापासून खाली धातूच्या कवचापर्यंत उभी, केसासारखी काळी रेघ. ठिणगी बाहेरून, चिरलेल्या जुन्या बुटातून, मातीच्या अंगावरून उतरली होती आणि जाताना कार्बनची वाट आखून गेली होती. ही रेघ पुसून जात नाही, ग्लेझमध्ये मुरते. तोपर्यंत ब्रॅकेटची गळती त्याहून सोपी वाट होती. ती बंद झाली, तशी ही दुसरी उघडी पडली. कवचाच्या वर गोल फिरलेला तपकिरी डाग मात्र वेगळा. तो चारही प्लगांवर थोडाथोडा होता, कोरोनामुळे, म्हणजे उच्च व्होल्टेजभोवती हवेत होणाऱ्या मंद विद्युत विसर्गामुळे, तेलाचे कण चिकटून येतो, त्याने काही बिघडत नाही. उभी रेघ वाईट, आडवं कडं निरुपद्रवी.

दोन, चारही प्लगांची गॅप १.१ मिमी. या गाडीला ०.८ हवी. डब्यातून काढून गेज न लावता तशीच बसवलेली. नव्या प्लगनंतर त्रास का वाढला, याचं उत्तर हे. गॅप रुंद झाली की लागणारं व्होल्टेज वाढतं, आणि वाढलेलं व्होल्टेज कमकुवत जागा शोधतं. या जास्तीच्या व्होल्टेजनेच ३ नंबरचा म्हातारा बूट हरला आणि नव्या प्लगवर रेघ उमटली.

पहिल्याच फेरीत गेज लावून गॅप ०.८ केली असती तर मिसिंग बरंच कमी होऊन वायरींचे दोष झाकले गेले असते, कदाचित पुढच्या पावसाळ्यापर्यंत. प्लग मात्र पहिल्याच फेरीत काढून पाहायला हवे होते. गॅप बदलायची नाही, नुसती मोजून लिहून ठेवायची, आणि मातीवर रेघ आहे का ते बघायचं. दहा मिनिटांचं काम.

३ चा प्लग बदलला. नवा बूट उलटून आतून पाहिला. त्यावर रेघ उमटलेली नव्हती, म्हणून ती वायर ठेवली. उमटली असती तर तीही बदलावी लागली असती, कारण रेघवाला बूट चांगला प्लग बिघडवतो आणि रेघवाला प्लग चांगला बूट. चारही गॅप ०.८ केल्या. वाकवताना फक्त बाजूची कडी वाकवायची, मधल्या इलेक्ट्रोडला जोर द्यायचा नाही. प्लग हाताने आटे धरेपर्यंत फिरवले, मग टॉर्क पान्याने २५ न्यूटन मीटर. टॉर्क पाना नसेल तर वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकल्यावर साधारण अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. शंकूच्या बैठकीचा प्लग असेल तर फेऱ्याचा सोळावा भाग पुरतो, जास्त नाही. वापरलेल्या प्लगचा वॉशर आधीच दबलेला असतो, त्याला अर्धा फेरा देऊ नये, थोडक्यात भागतं.

शेवटी टायमिंग तपासलं. कॅप-रोटर बदलल्याने ते हलत नाही, पण लाइट हातात असताना पाहून घ्यावं. चाचण्या त्याच क्रमाने पुन्हा केल्या: धुकं, अंधार, झटका, चारही वायरींना दोन्ही टोकांजवळ क्लॅम्प, मग वरच्या गिअरमध्ये चढ. एकही ठोका चुकला नाही.

जुनी ४ नंबर ब्लेडने उभी कापून पाहिली तेव्हा कॅपकडच्या टोकाला सहा-सात मिलिमीटर गाभा नव्हताच. त्या जागी राखाडी भुकटी. ३ नंबरच्या घासल्या जागेखाली, भिंगातून पाहिल्यावर, सुईच्या अणीएवढं भोक आणि त्याच्या कडेला वितळून गोल झालेलं पांढरट कडं.

१ नंबरची जुनी वायर मात्र शाबूत होती. सर्वांत लांब असल्याने ती कोणत्याही सिलिंडरला पुरते, म्हणून पुसून, दोन्ही बुटांना ग्रीस लावून, सैल वेटोळं करून डिकीत ठेवली. अर्ध्या वाटेत एखादी वायर गेलीच तर घरी पोचायला ती पुरेशी आहे.